काम आवडतंय ना? मग ते कागदावर आण

ताई,
मी हिंगोली जिल्ह्यातला, वय 23. बी.ए. झालं आणि पोलीस भरतीसाठी पुण्यात आलो. दोनदा ग्राउंड निघालं, लेखीत मागे पडलो. खोलीभाडं आणि मेसचं भागावं म्हणून बाणेरच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये वेटर म्हणून लागलो. म्हटलं दोन महिने करू, आता वर्ष होत आलं. खरं सांगायचं तर मला हे काम आवडायला लागलंय. शनिवारी रात्री सगळं फुल असताना माझी चार टेबलं व्यवस्थित निघाली की फार बरं वाटतं. पण घरी 'हॉटेल मॅनेजमेंटच्या कंपनीत आहे' एवढंच सांगितलंय. ड्यूटी सकाळी 11 ते 4 आणि संध्याकाळी 7 ते 12, कधी एकही वाजतो. आठवड्याला एक सुट्टी. किचन धरून आम्ही पस्तीस जण आहोत, पगार सगळ्यांना रोख. माझं इंग्रजी जेमतेम. मॅनेजर म्हणतात, राहणार असशील तर आत्तापासून कॅप्टनच्या, म्हणजे वेटरांवरच्या प्रमुखाच्या, हाताखाली घेतो, दिवाळीनंतर कॅप्टन करू. गावाकडचा एक ओळखीचा म्हणतो, दीड लाख दे, क्रूझवर लावतो. वडील यंदाच्या हळदीतून पैसे द्यायला तयार आहेत, कारण जहाजावरची नोकरी चारचौघांत सांगायला बरी. या लाइनमध्ये खरंच पुढे काही आहे का? की मी वर्षं वाया घालवतोय? रात्री पाय इतके दुखतात की झोप लागत नाही, तेव्हा हेच डोक्यात फिरतं.
हिंगोलीकर, पुणे

प्रिय हिंगोलीकर,

आधी क्रूझचं बोलू, कारण हळदीचे पैसे हातात आले की ते थांबणार नाहीत. त्या ओळखीच्या माणसाला एक रुपयाही देऊ नकोस. भारतातून जहाजावर माणसं पाठवायची तर एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याला आरपीएसएल म्हणतात. परवाना असलेल्या एजन्सींची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर बघायला मिळते. नोकरी लावण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला या एजन्सींना नियमानेच मनाई आहे, त्यांचे पैसे जहाज कंपनी देते. तुझा खर्च होतो तो पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, सीडीसी (म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक) आणि जहाजावर जाण्याआधीचं एसटीसीडब्ल्यूचं सुरक्षा प्रशिक्षण यांवर, आणि तो तू ज्या त्या ठिकाणी स्वतः भरून पावती घ्यायची असते. त्या माणसाला तीन गोष्टी लिहून मागून बघ: एजन्सीचं नाव, परवाना क्रमांक, जहाज कंपनीचं नाव. दीड लाख मागणारे इथेच विषय बदलतात.

उद्या कुणी आखातातल्या हॉटेलचं सांगितलं तर तिथला नियम थोडा वेगळा आहे. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी असलेला एजंट सेवाशुल्क घेऊ शकतो, पण ते 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त नाही. नोंदणी खरी की खोटी हे सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासता येतं.

क्रूझ वाईट नाही. मी शिकवलेली कितीतरी मुलं आज जहाजांवर आहेत. सहा ते नऊ महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही, पण राहणं-खाणं कंपनीचं, त्यामुळे पैसा साठतो. फक्त चांगल्या कंपन्या आधीचा अनुभव मागतात, आणि तो दाखल्यासकट मागतात. तो दाखला आज तुझ्याकडे नाही, आणि तुझी खरी अडचण मला तिथेच दिसते.

वर्षभर तू मान मोडून काम केलंस. उद्या एखाद्या मोठ्या हॉटेलात गेलास आणि त्यांनी विचारलं, आधी कुठे होतास, तर काय दाखवशील? नेमणूकपत्र नाही, पगाराची स्लिप नाही, पीएफचा नंबर नाही, पगार बँकेतही येत नाही. म्हणजे तिथे तू पुन्हा ट्रेनी. या लाइनमध्ये चांगली, चटपटीत पोरं सात-सात वर्षं वेटरची वेटर राहिलेली मी पाहिली आहेत. हजार-पाचशे जास्त मिळतात म्हणून ती दर सहा महिन्यांनी हॉटेल बदलतात आणि प्रत्येक ठिकाणी शून्यापासून सुरुवात करतात. त्यांच्या हातात कसब असतं, पण त्याची नोंद कुठेच झालेली नसते. म्हणून माझं उत्तर असं: हो, या लाइनमध्ये पुढे नक्की आहे, तू टिकण्यासारखाही आहेस. पण इथून पुढे कसब आणि कागद दोन्ही बरोबरीने वाढव.

चढण कशी असते ते थोडक्यात सांगते. आपल्या साध्या हॉटेलात ती मोरीपासून सुरू होते. मोरी, फडकं, पाणी, मग टेबल, मग काउंटर. 'सागर रत्न' या दाक्षिणात्य हॉटेलांच्या साखळीचे जयराम बनान तेरा वर्षांचे असताना घर सोडून आले आणि पनवेलच्या एका कँटीनमध्ये महिना 18 रुपयांवर ताटल्या धुवायला लागले. तिथेच ते वेटर झाले, मॅनेजर झाले, आणि 1986 मध्ये त्यांनी दिल्लीत डिफेन्स कॉलनीत स्वतःचं हॉटेल काढलं. मला त्यात दिल्लीपेक्षा पनवेल महत्त्वाचं वाटतं. एकाच ठिकाणी राहून त्यांनी मोरीपासून हिशेबापर्यंत सगळं बघितलं. मोठ्या हॉटेलांत ट्रेनी, असोसिएट, कॅप्टन, सुपरवायझर, असिस्टंट मॅनेजर, रेस्टॉरंट मॅनेजर अशी पदं असतात. असोसिएटलाच जुन्या लोकांच्या तोंडी अजून स्टुअर्ड म्हणतात. कॅप्टनपर्यंत तुझे हातपाय आणि तुझं तोंड पुरतं. त्याच्या पुढे हिशेब, माणसं सांभाळणं आणि लिहिणं लागतं. अनेकांची गाडी कॅप्टनवर अडते ती या लिहिण्यापाशी, म्हणून त्याची तयारी आजपासून कर.

आता कसबाबद्दल, कारण त्यावर बोलायला मला मनापासून आवडतं. चार टेबलं व्यवस्थित निघाली की बरं वाटतं असं तू लिहिलंस. त्या बरं वाटण्यामागे तू नकळत काय काय शिकलायस ते तुझं तुला माहीत असायला हवं.

रविवारी रात्री सात जणांचं कुटुंब येतं. आजी, दोन जोडपी, दोन लहान मुलं. कच्चा वेटर मेन्यू वाटून वही काढून उभा राहतो. तयार माणूस आधी आजींना हाताच्या खुर्चीवर बसवतो, म्हणजे उठताना त्यांना आधार मिळेल. मुलांना तो चालण्याच्या वाटेकडे बसू देत नाही, कारण त्याच वाटेने रात्रभर धगधगते सिझलर जाणार असतात. पाणी ओतताना त्याचे कान उघडे असतात: वाढदिवस कोणाचा, घाई कोणाला, बिल कोण देणार. मुलांसाठी पटकन येणारं काहीतरी सुचवतो आणि त्याची केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, आधी टाकतो, कारण मुलं किरकिरायला लागली की मोठ्यांचंही जेवण बिघडतं. बाकीची ऑर्डर खुर्चीच्या क्रमाने लिहितो. दाराजवळची खुर्ची एक, तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सातपर्यंत. मग पदार्थ घेऊन दुसरा कुणी गेला तरी टेबलाशी उभं राहून 'मंचाव कुणाचं?' असं ओरडावं लागत नाही. ऑर्डर झाली की ती पूर्ण वाचून दाखवतो, न चुकता. किती वेळ लागेल हे खरं सांगतो. बिर्याणीला पंचवीस मिनिटं लागणार असतील तर 'दहा मिनिटांत आणतो सर' म्हणत नाही.

त्यातच एक सून म्हणते, माझं जैन. कांदा-लसूण नको हे सगळ्यांनाच माहीत असतं. बटाटा, गाजर, बीट, आलं, जमिनीखाली येणारं काहीच नको, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. पण तुमच्या किचनमध्ये पनीरची ग्रेव्ही सकाळीच कांदा घालून करून ठेवतात की ऑर्डरनुसार करतात? व्हेज सूपच्या स्टॉकमध्ये गाजर पडतं का? हे तुला येत नसेल तर केओटीवर 'जैन' असं लिहून काही उपयोग नाही. शिवाय माणसामाणसांचं वेगळं असतं. कुणी एरवी बटाटा खातं, कुणी चातुर्मासात हिरव्या भाज्याही सोडतं. म्हणून गृहीत न धरता हळू आवाजात विचारायचं, 'बटाटा चालेल का?' एवढ्या एका प्रश्नाने ती बाई निर्धास्त होते, आणि पुढच्या वेळी ते कुटुंब येताना तुझं टेबल मागतं. एकादशीला साबुदाणावडा मागणाऱ्याचंही असंच. तो ज्या तेलात तळला त्यात आधी कांदाभजी तळली होती का, हे त्याला खरं कळायला हवं.

ॲलर्जी तर त्याहून गंभीर. आपल्या मराठी स्वयंपाकात दाण्याचा कूट कुठे असेल सांगता येत नाही: कोशिंबीर, भरली वांगी, आमटी, ठेचा. ग्राहक म्हणाला दाणे चालत नाहीत, तर आत शेफला विचारल्याशिवाय 'नाही सर, यात नाहीये' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. पाकीटबंद अन्नावर ज्यांची नोंद करणं 2020 च्या नियमांनी सक्तीचं केलंय ती यादी पाठ करून टाक: ग्लूटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचाचे प्राणी, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन, सल्फाइट. तुमच्या मेन्यूतल्या कोणत्या पदार्थात यातलं काय आहे, याची वही एका सुट्टीत बसून कर. बहुतेक रेस्टॉरंटांत अशी वही नसते. तू केलीस तर मॅनेजरला दाखव.

तुमच्याकडे बार असेल तर आणखी एक. महाराष्ट्रात बीअर आणि वाइनसाठी वय 21, बाकी दारूसाठी 25. कॉलेजची पोरं दटावतात, टिपचं आमिष दाखवतात. ओळखपत्र मागायला लाजू नकोस, आणि वाद झाला तर स्वतः न भांडता कॅप्टनला बोलाव. वाइन शिकायची इच्छा असेल तर नाशिक जवळ आहे. एखाद्या सुट्टीला जाऊन एखाद्या वायनरीत टेस्टिंग कर आणि तिथले लोक बाटली कशी धरतात, कशी उघडतात, किती ओततात ते बघून ये. शिकलेल्या वेटरला मोठ्या ठिकाणी पटकन वर घेतात ते बऱ्याचदा बारच्या माहितीवर.

इंग्रजीची भीती फार मोठी करून ठेवली आहेस. ग्राहकाला तुझं व्याकरण नको असतं, त्याला पदार्थ कळायला हवा असतो. रोज रात्री मेन्यूतला एकच पदार्थ घे. त्यात काय आहे, कसा शिजतो, किती तिखट, किती जणांना पुरतो, किती वेळात येतो. हे पाच मुद्दे आधी मराठीत बोल, मग हिंदीत, मग इंग्रजीत, तेही मोठ्याने, खोलीतल्या मित्रासमोर. तीन-चार महिन्यांत अख्खं कार्ड तुझ्या तोंडात बसेल. त्याबरोबर रोजची वाक्यं: 'मे आय रिपीट युअर ऑर्डर', 'इट विल टेक ट्वेंटी मिनिट्स', 'आय विल चेक विथ द किचन'. शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं, कारण माहीत नसताना अंदाजाने उत्तर देण्यापासून ते वाचवतं. लिहिण्यासाठी ड्यूटी संपल्यावर आजच्या तक्रारी आणि त्यांचं काय केलं हे दोन-तीन ओळींत इंग्रजीत लिहित जा. पुढे सुपरवायझर झालास की हेच लॉगबुक म्हणून लिहायचं असतं.

आता तुमच्या रेस्टॉरंटबद्दल. तिथे राहावं की नाही हे पगारावरून ठरवू नकोस. शिफ्टच्या आधी ब्रीफिंग होतं का, म्हणजे आज काय एनए आहे (मिळणार नाही), स्पेशल काय, मोठी बुकिंग कुठली, हे कुणी सांगतं का? नवीन पदार्थ आला तर वेटरला चाखायला देतात का? चुकलं तर कुणी बाजूला घेऊन दाखवतं, की ग्राहकासमोर शिव्या देतं? फुटलेल्या ग्लासाचे पैसे न विचारता कापतात का? आणि स्टाफचं जेवण कसं असतं? कालचा भात आणि पाणचट डाळ स्वतःच्या माणसांना देणारा मालक तुला शिकवण्यावर वेळ खर्च करणार नाही, हे मी खात्रीने सांगते. या प्रश्नांची उत्तरं बरी असतील तर पगार थोडा कमी असला तरी दोन वर्षं तिथे काढणं फायद्याचं.

तासांचं गणित मात्र करून ठेव. तुझे दिवसाला दहा तास धरले तरी सहा दिवसांचे साठ होतात. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याचे 48 तास धरले आहेत आणि वरच्या कामाला दुप्पट दर. म्हणजे बारा तास तू दर आठवड्याला फुकट देतोयस. या धंद्यात ब्रेक शिफ्ट आहे आणि राहणार, लंच आणि डिनर या दोन वेळांवरच हॉटेल चालतं. पहिल्याच दिवशी ओव्हरटाइमवरून भांडायला जा असं मी म्हणणार नाही. पण आकडा तुझ्या डोक्यात पक्का असू दे, पगार ठरवताना तो लागतो.

पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) यांवर मात्र तडजोड नको. पस्तीस माणसं म्हणजे दोन्ही लागू होतात. पीएफला 20 माणसांची मर्यादा आहे, ईएसआयला 10. पीएफमध्ये मूळ पगाराचे 12 टक्के तुझे आणि तेवढेच मालकाचे. तुला यूएएन नंबर मिळतो आणि तो आयुष्यभर तोच राहतो, हॉटेल बदललं तरी. तू कुठे किती महिने काम केलंस याची ती सरकारी नोंद झाली. ईएसआय पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर मिळतं. तुझ्या पगारातून 0.75 टक्के, मालकाचे 3.25 टक्के, आणि त्यात तुझ्याबरोबर तुझ्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचेही उपचार होतात. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र देणंही बंधनकारक केलं आहे. 'हातात जास्त मिळतील, पीएफ कशाला' असं बरोबरचे म्हणतील. ऐकू नकोस.

टिपचंही स्पष्ट विचारून घे. हल्ली बरेच लोक कार्डवर किंवा यूपीआयने बिलातच टिप घालतात, आणि ती मालकाच्या खात्यात जाते. ती स्टाफला कधी, कशी वाटतात? मोरीवाल्या मावशींना आणि किचनला हिस्सा आहे का? माझ्या मते असायलाच हवा, स्वच्छ ताट त्यांच्या हातून येतं. सर्व्हिस चार्जच्या भरवशावर पगार ठरवू नकोस. तो बिलात आपोआप लावायचा नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलं आणि 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. 'पगार अमुक, सर्व्हिस चार्ज धरून' असं कुणी सांगितलं तर निव्वळ पगार किती ते विचार.

शिक्षणाचं म्हणशील तर बी.ए. झालंय म्हणून पुन्हा तीन वर्षांची पदवी घ्यायची गरज नाही. आयटीआयमध्ये दहावीवर एक वर्षाचा फूड अँड बेव्हरेज सर्व्हिसेस असिस्टंट हा ट्रेड आहे. दादरचं कॅटरिंग कॉलेज 1954 पासून हेच शिकवतंय, आणि तिथल्यासारख्या सरकारी संस्थांत सर्व्हिसचे छोटे अभ्यासक्रमही असतात. पुण्यात शिवाजीनगरला राज्य सरकारची हॉटेल मॅनेजमेंट संस्था आहे, एका सकाळी ड्यूटीच्या आधी जाऊन चौकशी करून ये. तुझ्यासारख्या काम करणाऱ्यांसाठी आरपीएल नावाचा मार्ग आहे: तुला आधीच जे येतं त्याची परीक्षा घेऊन कौशल्याचं प्रमाणपत्र देतात. सगळ्यात आधी हे करावं असं मला वाटतं, कारण त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. आणि मोठं हॉटेल आतून बघायचं असेल तर लग्नसराईत बँक्वेटला रोजावर माणसं घेतात, तिथे दोन-चार दिवस जा. तीनशे कव्हर, म्हणजे तीनशे जणांची ताटं, एकाच वेळी कसे वाढतात ते तिथे कळेल.

पायांचं दुखणं अंगावर काढू नकोस. साध्या काळ्या बुटांऐवजी न घसरणाऱ्या तळाचे, आत मऊ आधार असलेले बूट घे, अर्धा नंबर मोठे, कारण संध्याकाळी पाय सुजतो. या महिन्यात दुसरं काही घेऊ नकोस, हे घे. ब्रेकमध्ये मोबाइल घेऊन पडतोस तेव्हा वीस मिनिटं पाय भिंतीला वर लावून पड. पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगलेल्या दिसल्या तर डॉक्टरांना दाखव. अशी उभ्याची कामं करणाऱ्यांना व्हेरिकोज व्हेन्सचा त्रास होतो आणि तो लवकर धरला तर आटोक्यात राहतो.

भरतीचं तुझं तुला ठरवायचंय. शिपाई भरतीला खुल्या गटात 28 आणि मागास प्रवर्गात 33 वर्षांपर्यंत वय चालतं, म्हणजे दार अजून बंद झालेलं नाही. पण रात्री एकला झोपून पहाटे पाचला ग्राउंडवर जाणं आणि दुपारी लेखीचा अभ्यास, हे शरीराला झेपणार नाही. भरती मनापासून हवी असेल तर एक शिफ्टचं काम शोध आणि पुढची जाहिरात हीच शेवटची असं धरून झोकून दे. फक्त घरच्यांना सांगायला बरं म्हणून भरतीचं नाव चालू ठेवलं असशील, तर ते ओझं खाली ठेव. तुझं पत्र वाचून मला दुसरीच शक्यता जास्त वाटते.

आणि घरी सांग, रे. तुझे वडील जहाजावरच्या वेटरसाठी हळदीचे पैसे मोडायला तयार आहेत. काम तेच आहे. तोच ट्रे, तीच टेबलं. म्हणजे त्यांना काम खटकत नाही, गावात काय सांगायचं याची त्यांना काळजी आहे, आणि ती काळजी खरी आहे, तिला हसू नये. फोनवर सांगू नकोस. नेमणूकपत्र हातात आलं की ते घेऊन गावी जा आणि दाखव. पीएफ काय, ईएसआयमध्ये आईचं औषधपाणी कसं होतं, दोन वर्षांनी कुठे असशील, हे आकड्यांत सांग. शेतकरी माणसाला आकडे कळतात. मग मॅनेजरला विचारून एखाद्या मंगळवारी दुपारी, गर्दी नसताना, दोघांना पुण्याला आणून तुझ्या टेबलावर जेवू घाल. वाढायला तूच उभा राहा.

राहिला मॅनेजरांचा प्रश्न. त्यांना हो म्हण, पण उभ्या उभ्या नको. दुपारी चारच्या ब्रेकला पाच मिनिटं मागून घे आणि नम्रपणे विचार: 'सर, मला राहायचंय. नेमणूकपत्र, बँकेत पगार आणि पीएफ-ईएसआय कधीपासून होईल? दिवाळीनंतर कॅप्टन केलंत तर पगार किती होईल? तोपर्यंत मला काय काय यायला हवं?' कॅप्टनचा कोट चढवून पगार वेटरचाच ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणून मधला प्रश्न गाळू नकोस. आकडा सांगितला तर संध्याकाळी व्हॉट्सॲपवर 'सर, आज बोललो त्याप्रमाणे' म्हणून त्यांना लिहून पाठव, म्हणजे तेही नोंदीत राहील. बुकिंग, स्टॉक मोजणं, बिलातली सूट, तक्रारी, नव्या मुलांना शिकवणं, यांतलं एकेक काम दर महिन्याला मागून घे. दिवाळीपर्यंत कागद आला तर तिथेच राहा. नाही आला तर निदान लेटरहेडवर अनुभवाचा दाखला मागून घे, तारखांसकट आणि मॅनेजरच्या सहीशिक्क्यासकट, आणि पीएफ देणाऱ्या ठिकाणी अर्ज कर. बाणेर, बालेवाडी, हिंजवडीला तुझ्यासारख्या मुलांना कामं आहेत. काय ठरलं ते मला नक्की लिही.

तुझी,
ताई